कुर्ला, पिंपरी, शेंद्रा

साठ-सत्तरच्या दशकांत मोटार घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘घेतली’ हा शब्द फार उशिरा येई. आधी तो ‘नंबर लावला’ म्हणे, आणि कित्येक वर्षांनी एकदा ‘नंबर लागला’ म्हणे. पैसे भरायचे, पावती कपाटात जपून ठेवायची आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आपल्या नावाची फियाट बाहेर पडण्याची वाट पाहायची. ज्यांना धीर धरवत नसे ते दुसऱ्याचा लागलेला नंबर ‘ऑन’, म्हणजे वरचे पैसे, देऊन घेत. थोडी वापरलेली गाडी कित्येकदा नव्या गाडीच्या छापील किमतीपेक्षा महाग जाई, कारण ती आज मिळत होती. अशा बाजारात ‘कोणती गाडी घ्यावी?’ हा प्रश्न कोणाला पडणार?

पेट्रोलवर चालणारी, चार दारांची, मागे मोठी डिक्की आणि मागच्या सीटवर ऐसपैस जागा असलेली साहेबी गाडी हे भारतातल्या उद्योजकांचे, डॉक्टरांचे, वरच्या अधिकाऱ्यांचे जुने स्वप्न. मराठीत तिला वेगळे नाव नव्हते. ‘सेडान’ हा शब्द जाहिरातींबरोबर आला. त्याआधी ती नुसती ‘मोठी गाडी’ होती. या मोठ्या गाडीचा बराचसा इतिहास महाराष्ट्रातल्या तीन ठिकाणी घडला: कुर्ला, पिंपरी आणि तेव्हाच्या औरंगाबादजवळचे शेंद्रा. या सगळ्या काळात गिऱ्हाइकाला मनासारखी निवड करता आली ती जेमतेम पंचवीस वर्षे.

सुरुवात अमेरिकन गाड्यांची. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे शेव्हरोले उभ्या राहायच्या. पण गाडी जोडणे वेगळे आणि बनवणे वेगळे, हे ज्यांना टोचत होते त्यांत दोन माणसे पुढे होती: मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद. मुंबई इलाख्यात मोटारींचा देशी कारखाना काढण्याची योजना तिसाच्या दशकातच कागदावर आली होती. बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ तिला अनुकूल होते. पण युद्ध सुरू झाले आणि ते मंत्रिमंडळही गेले. वालचंदांनी मात्र जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टींचा नाद सोडला नाही. १९४४मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्यातून पहिली गाडी बाहेर पडली. क्रायस्लरशी करार होता, त्यामुळे डॉज, प्लायमाउथ, डिसोटो अशा भारदस्त पेट्रोल गाड्या इथे जोडल्या जाऊ लागल्या.

हा थाट फार दिवस टिकला नाही. परकी चलन तुटपुंजे होते. १९५३मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की टप्प्याटप्प्याने गाडी इथे बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच राहावे, नुसत्या जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स गेली, फोर्ड गेली. प्रीमियरने इटलीच्या फियाटचा हात आधीच धरला होता. १९५४पासून आलेल्या फियाट ११००ला मुंबईकरांनी तिच्या गुबगुबीत आकारावरून ‘डुक्कर फियाट’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव जुन्या गाड्यांच्या शौकिनांत आजही चालते. १९६४मध्ये ११००-डी आली. तिचेच पुढे सत्तरच्या दशकात आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग चितोडच्या राणीवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले. इंजिन १०८९ सीसीचे. युरोपात जी मध्यमवर्गाची साधी गाडी होती, ती इथे प्रतिष्ठेची झाली, कारण तिच्या वर फारसे काही नव्हतेच.

लालबहादूर शास्त्रींची फियाट याच पिढीतली. पंतप्रधान असताना त्यांनी ती सुमारे १२ हजार रुपयांना घेतली आणि त्यातले ५ हजार पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज काढले. ते कर्ज त्यांच्या निधनानंतर कुटुंबाने फेडले. दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात ती गाडी अजून उभी आहे. त्या काळी मोटार बाळगणे देशातल्या सर्वांत मोठ्या पदावरच्या माणसालाही किती जड होते, हे तिच्याकडे पाहून कळते.

फियाटच्या वर जायची एकच वाट होती. परदेशी वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. एखादी मर्सिडीज किंवा अमेरिकन इंपाला अशा मार्गाने सिनेमावाल्यांच्या किंवा कारखानदारांच्या दारात येई. पण ती बाळगायची तर मेकॅनिकही तसाच हवा. सुटा भाग मिळत नसे, तो लेथवर घडवून घ्यावा लागे.

फियाट बाळगणेही आजच्यासारखे सोपे नव्हते. सकाळी चोक ओढून ती चालू करायची. दर काही हजार किलोमीटरला टॅपेट सेट करायचे, पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचे. इंजिन धूर सोडू लागले की रिंगा बदलायच्या, आणि तेवढ्याने भागले नाही तर बोअर करून घ्यायचे. मुंबईहून पुण्याला निघालेल्या गाड्या खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असत आणि मालक पाण्याचा कॅन घेऊन रेडिएटर थंड होण्याची वाट पाहत. ज्यांनी हे केले त्यांना आपल्या गाडीचा आवाज आपल्या मुलांच्या आवाजाइतका ओळखू येई. त्या जवळिकीची सर पुढच्या कुठल्याच गाडीला आली नाही, असे अनेक जुने मालक मानतात, आणि ते खरे असावे.

ऐंशीच्या दशकात पहिल्यांदा बाजारात ‘मोठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या देशी गाड्या आल्या. मारुती ८००ने खालचा बाजार हलवला होता; वरच्या बाजारात तीन नावे होती. बंगालमधल्या उत्तरपाड्याची हिंदुस्थान काँटेसा १९८४मध्ये आली. देह इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा आणि आत अँबॅसडरचे दीड लिटरचे, जेमतेम पन्नास हॉर्सपॉवरचे इंजिन. पाठोपाठ मद्रासची स्टँडर्ड २००० आली. इंग्लंडमध्ये ज्या रोव्हरला साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन मिळत होते, त्याच देखण्या देहात इथे जुन्या ठेवणीचे दोन लिटरचे इंजिन बसवले गेले. गिऱ्हाइकांना ते पटले नाही आणि काही वर्षांतच ती गाडी बंद पडली.

तिसरी प्रीमियरची ११८एनई. फियाट १२४चा देह, आणि नावातल्या ‘एनई’ या अक्षरांनी सांगितल्याप्रमाणे निसानचे ११७१ सीसीचे इंजिन. ५२ हॉर्सपॉवर हा आकडा आज किरकोळ वाटतो, पण गाडीचे वजन आणि इंजिनाचा दम यांचा मेळ या तिघींत तिच्यातच नीट बसला होता. काँटेसाला तो मेळ साधला जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आल्यावर. त्या इंजिनाची आणि पाच गिअरची काँटेसा महामार्गावर चालवलेला माणूस तिच्याबद्दल अजून हळवा होऊन बोलतो. परवाना पद्धतीत देहाचे साचे परदेशातून जुने, स्वस्तात आणता येत. नवे इंजिन आणायचे तर वेगळा करार, वेगळी परवानगी लागे. म्हणून त्या काळच्या आपल्या मोठ्या गाड्या बाहेरून भरल्या अंगाच्या आणि आतून अशक्त राहिल्या.

पिंपरीची गोष्ट जरा मागून सांगायला हवी. टाटांच्या टेल्कोने १९५४मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी ट्रकसाठी करार केला होता, आणि पंधरा वर्षे भारतातल्या रस्त्यांवर टाटा-मर्सिडीज ट्रक धावले. तीन टोकांचा तारा भारतीय ड्रायव्हरला आधी ट्रकच्या जाळीवर ओळखीचा झाला. उदारीकरणानंतर हे दोघे पुन्हा एकत्र आले आणि १९९५मध्ये पिंपरीच्या टेल्कोच्या आवारातून पहिली मर्सिडीज ई-क्लास बाहेर पडली. मॉडेल होते डब्ल्यू-१२४. ते जगात १९८४पासून विकले जात होते आणि युरोपात १९९५मध्येच त्याची जागा नव्या मॉडेलने घेतली. भारतीय श्रीमंत गिऱ्हाइकाच्या हे लक्षात आले. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. ‘आपल्याला जुने देतात’ ही फियाटपासूनची सल तारा लावलेल्या गाडीनेही गेली नाही. तरी ती गाडी बांधणीला इतकी पक्की होती की तिच्यातल्या काही आजही पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर नीट चालताना दिसतात.

पेट्रोलचीही एक अडचण होती. १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे असलेले पेट्रोल टाकीत पडले की कन्व्हर्टर निकामी होतो. देशभर शिसे बंद झाले ते २०००मध्ये. मधली पाच वर्षे अशी गाडी घेऊन लांब निघायचे तर पुढचा योग्य पंप कुठे आहे ते आधी विचारून ठेवावे लागे.

याच सुमारास महिंद्रच्या नाशिकच्या कारखान्यात फोर्ड एस्कॉर्ट तयार होऊ लागली, गुजरातेत हालोलला ओपेल अ‍ॅस्ट्रा, आणि १९९८च्या आसपास होंडा सिटी व मित्सुबिशी लान्सर. आता गिऱ्हाइकाला शोरूममध्ये बसवून चहा मिळू लागला. गाडी चालवून बघता येऊ लागली. २००२मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि रेडिएटर उकळण्याची गोष्ट आजोबांच्या आठवणींत गेली. पेट्रोल इंजिनाला पाचव्या गिअरमध्ये सलग तासभर धावू देणारा रस्ता मराठी मालकाला तेव्हा प्रथम मिळाला. प्रीमियरचे चित्र याच काळात उलटे फिरत होते. संप, नवे भागीदार, फसलेले करार यांतून ती सावरली नाही आणि शतक सरता सरता पद्मिनीचे उत्पादन थांबले. कुर्ल्याच्या त्या जागेवर आता इमारती आहेत.

औरंगाबादला बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५मध्ये आला तेव्हापासून शहराला दुचाकीची सवय होती. शेंद्र्याला २००१मध्ये स्कोडा आली आणि मराठवाड्यात साहेबी गाडी तयार होऊ लागली. ही कंपनी झेक. व्हाक्लाव लॉरिन आणि व्हाक्लाव क्लेमेंट या दोघांनी १८९५मध्ये म्लादा बोलेस्लाव या गावी सायकली बनवायला सुरुवात केली होती, आणि त्या दोघांची नावे भारतातल्या सर्वांत महागड्या स्कोडांवर शिक्क्यासारखी येऊ लागली. ऑक्टाव्हियाने आधी नाव कमावले ते १.९ लिटरच्या डिझेल इंजिनावर. पण पेट्रोलच्या चाहत्यांना आठवते ती २००४ची ऑक्टाव्हिया आरएस: टर्बो लावलेले १.८ लिटरचे, १५० हॉर्सपॉवरचे पेट्रोल इंजिन. भारतात तयार गाडीत असे इंजिन तोवर कोणी विकले नव्हते. त्याच वर्षी सुपर्बही आली. तिच्या मागच्या दारात छत्री ठेवायला खास खोबण होती. जून ते सप्टेंबर छत्रीशिवाय पाऊल न टाकणाऱ्या मुंबईकराला त्या खोबणीने जिंकले.

सुपर्बची दुसरी पिढी २००९मध्ये आली. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १६० हॉर्सपॉवर, आणि मागे पाय लांब करून बसता येईल इतकी जागा. मालक मागे बसो की स्वतः स्टिअरिंग हातात घेवो, दोघांनाही पुरून उरेल अशी ती पहिली मध्यम किमतीची मोठी गाडी होती. भारतात या दोन जाती वेगळ्या आहेत. मागे बसणारा मालक आवाज, खड्डे आणि पायाखालची जागा मोजतो. स्वतः चालवणारा इंजिनाचा प्रतिसाद. पहिल्या जातीसाठी मर्सिडीजने २०१७पासून चाकणला लांब केलेली ई-क्लास बनवायला घेतली आणि आलिशान गाड्यांत ती आघाडीवर राहिली. सुपर्बचे मोठेपण हे की तिने दोघांचेही ऐकले.

पण तिचे पेट्रोल रूप निवडायला तेव्हा धाडस लागे. सरकारने पेट्रोलचा दर जून २०१०मध्ये मुक्त केला, डिझेलचा मात्र ऑक्टोबर २०१४पर्यंत धरून ठेवला. मे २०१२च्या दरवाढीनंतर दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालणारी, लिटरला १२चे अ‍ॅव्हरेज देणारी पेट्रोल गाडी ७३ हजारांचे इंधन पिते. १५ देणारी डिझेल गाडी ३३ हजारांत भागते. चाळीस हजारांचा हा फरक दरवर्षीचा. शेतकऱ्याच्या पंपासाठी आणि एसटीच्या गाडीसाठी स्वस्त ठेवलेले डिझेल पंचवीस लाखांच्या गाडीत जात होते, आणि मन लावून हिशेब करणारा प्रत्येक जण तेच निवडत होता. हे धोरण चुकीचे होते. शांत, हलके, स्वच्छ पेट्रोल इंजिन त्यामुळे दशकभर हौशी माणसाचा खर्चिक छंद होऊन बसले.

ऑक्टोबर २०१०मध्ये औरंगाबादचे नाव देशभर गाजले. शहरातल्या व्यापारी, डॉक्टर, बांधकाम व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका फटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. आमच्या शहराकडे बघा, हे त्यांना सांगायचे होते. त्यासाठी स्टेट बँकेने ७ टक्क्यांनी कर्ज दिले. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहून दाखवले की त्याच भागातला शेतकरी ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी चढा दर भरत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या: अजिंठा-वेरुळच्या वाटेवरचा थांबा एवढीच ओळख असलेल्या शहराची जिद्द, आणि बँकेच्या काउंटरवरचा तो भेद. मराठवाड्याचा त्या वर्षांचा इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही एकाच पानावर लिहाव्या लागतील.

मग वारे फिरले. डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांची नोंदणी काही महिने थांबवली. एप्रिल २०२०मध्ये प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आले, डिझेलचा धूर गाळण्याची यंत्रणा महाग झाली आणि स्कोडा ज्याचा भाग आहे त्या फोक्सवॅगन समूहाने भारतात डिझेल सोडून दिले. मे २०२१च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा डिझेल ९२च्या पुढे होते. जुना हिशेब मोडला होता. महाराष्ट्रातल्या रस्ता-करानेही पेट्रोलकडे कल दिला: वीस लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५. कंपनीच्या नावावर घेतली की मात्र थेट २० टक्के, त्यामुळे नोंदणी कोणाच्या नावे करायची हा प्रश्न चार्टर्ड अकाउंटंटच्या टेबलावर जाऊ लागला.

२०२०ची सुपर्ब फक्त पेट्रोलवर आली: दोन लिटरचे टर्बो इंजिन, १९० हॉर्सपॉवर, सात गिअरची ऑटोमॅटिक पेटी. शेंद्र्याला जोडलेली. पेट्रोलच्या चाहत्यांनी जे मागितले होते ते अखेर मिळाले, आणि त्याच वेळी गिऱ्हाईक उठून उंच गाड्यांकडे गेले. होंडा अकॉर्ड गेली, फोक्सवॅगन पसाट गेली. एसयूव्हीत बसले की रस्ता वरून दिसतो, खड्डा जाणवत नाही, आणि लग्नाच्या मांडवासमोर ती भारदस्त दिसते. यांपैकी कुठलेही कारण खोटे नाही. एप्रिल २०२३मध्ये प्रदूषणाचे नियम आणखी कडक झाले तेव्हा सुपर्ब आणि ऑक्टाव्हिया दोन्ही बंद झाल्या. शेंद्र्याच्या त्याच आवारात त्याच कंपनीची कोडियाक ही एसयूव्ही जोडली जात राहिली. जून २०२५मध्ये ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण झाला. ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेला, सेडानसाठीच आखावा असा तो रस्ता शेंद्र्याच्या जवळून जातो.

२०२४मध्ये सुपर्ब परत आली, पण बोटीने. पूर्ण तयार, ५४ लाख रुपयांना, आणि सगळ्या देशासाठी फक्त १००. ऑक्टोबर २०२५मध्ये ऑक्टाव्हिया आरएसही तशीच आली: २६५ हॉर्सपॉवरचे पेट्रोल इंजिन, शंभरच गाड्या, किंमत ५० लाखांना जेमतेम हजारभर कमी. ती किंमत जाहीर होण्याआधीच सगळ्या शंभर नोंदल्या गेल्या होत्या. ज्यांनी पैसे भरले त्यांनी गाडी चालवून पाहिली नव्हती. त्यांनी नंबर लावला होता, आणि त्यांचा नंबर लागला.